बांधाच्या बैठकीत मी हात वर केला

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज लिहायला बसले, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो नुसता हसेल. तुम्हीही हसाल, पण तुम्हाला मागचं सगळं माहीत आहे. खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून आपल्या गावाने जो बांध राखलाय, त्याच्या बैठकीत तुमची मुलगी यंदा बसली. नुसती बसली नाही, बोललीसुद्धा, आणि तीही तुमच्या बाजूने. ज्या मुलीला तुम्ही ‘कंपनीवाली’ म्हणायचात, तीच.

लहानपणी मला दुसरी बाजू असते हेच माहीत नव्हतं. मिठागरावरून आलात की तुम्ही पाय धुऊन चुलीपाशी बसायचात. आई भाकऱ्या थापते आहे, आणि चौथीत शाळा सुटलेली मी तुम्हाला पेपर वाचून दाखवते आहे. विरुद्ध पक्षाच्या पुढाऱ्याचं भाषण आलं की मी ते गाळून पुढे जायचे. तुम्हाला बरोबर कळायचं. “मधलं का सोडलंस गो? पुरतं वाच. शिव्या घालायच्या तर पुरतं ऐकाया नको?” आई म्हणायची, “आधी जेवा, मग शिव्या घाला. भाकर निवतेय.” मला वाचायचा नाद लागला तो तिथे. आपलं घर लाल बावट्याचं. माझा धाकटा भाऊ तर अर्ध्या चड्डीत मोर्च्याच्या पुढे असायचा. पेणला कचेरीसमोर घोषणा देऊन त्याचा घसा बसायचा आणि तुम्ही कौतुकाने त्याला खडीसाखर द्यायचात.

मग मी लग्न होऊन रोह्याला गेले आणि बिघडले. तुमचाच शब्द. ह्यांची कंपनीतली नोकरी, ठरल्या तारखेला पगार, घरात नळ. आभाळाकडे न बघता घर चालतं हे मी पहिल्यांदा पाहिलं. माहेरी आले की मी मोठ्या तोऱ्यात सांगायचे, “कंपनी आली म्हणून घरात पंखा फिरतोय, बाबा.” एकदा तुम्ही विडी विझवून म्हणालात, “फिरूं दे. खाडीतला मासा मेला, तो बी नेऊन पंख्याखाली ठेव.” दोन दिवस बोलला नाहीत. निघताना मात्र पिशवीत सुके बोंबील भरलेत, वर म्हणालात, “तुझ्या कंपनीत नाय मिळणार.” मीही गप्प बसणारी नव्हते. सगळी माणसं सारखी म्हणून भाषणं करता, मग बांधाच्या बैठकीत बायका का नाहीत, असं विचारलं. “बायांचं काय काम तिथं?” असं तुम्ही म्हणालात आणि आई आतून ओरडली, “चिखल वाहायला तेवढ्या बाया चालतात!”

माझं मत पुन्हा कधी फिरलं ते मला सांगता येत नाही. केस पांढरे झाले ते तरी कुठे कळलं? ह्यांच्याबरोबरचे लोक निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी रोजंदारीची पोरं आली. तारखेचा पगार राहिला नाही. शेवटी शेवटी हे स्वतःच म्हणायचे, “तुझ्या बापाचं थोडं ऐकायला हवं होतं.” हे गेले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. सकाळी चहा अजून दोघांचा टाकते, मग दोन्ही कप मीच पिते. संध्याकाळी वाचनालयात जाते. ह्या बाजूचं वाचते, त्या बाजूचंही वाचते, तुमच्या सांगण्याप्रमाणे पुरतं.

वैशाखात धाकट्याचा फोन आला. एका कंपनीला बांधाच्या आतली सगळी जमीन हवी आहे, बैठक आहे, जमिनीला माझंही नाव आहे. “ताय, तू तर पहिल्यापासून कंपनीवाली. येऊन फक्त हात वर कर.” वडखळच्या नाक्यावर तो मोटरसायकल घेऊन उभाच होता. देवळात बैठक भरली. तो उभा राहिला आणि बोलला, “बांध राखायला माणूस कुठाय? पोरं शिफ्टला जातात. देऊन टाकू.” तो खोटं बोलत नव्हता. पण मला त्याचा तो बसलेला घसा आठवला आणि हसूच आलं. मोर्च्याच्या पुढचा मुलगा जमीन द्या म्हणतोय, आणि पंख्याचं कौतुक सांगणारी मी आपल्या शेतातला भात डोळ्यांपुढे आणून बसलेली. जमीन न देता ठेवायची असं कुणाकुणाला वाटतं, हे विचारल्यावर माझा हात वर गेला.

“ताय, चुकलीस. हे ठेवनाऱ्यांचे हात हायत.”

“माहीत हाय.”

एक म्हातारबाबा म्हणाले, “ठेवायची म्हनेल त्याच्या घरचा एक माणूस उधाणाला बांधावर, हा नियम हाय. तुझ्या घरून कोन येनार गो?” मी म्हटलं, “मी.” मागून कुणीतरी बोललं, “मग हिला धराया आनखी दोन मानसं लागतील!” सगळं देऊळ हसलं. पण दोनचार हातांच्या फरकाने का होईना, जमीन यंदापुरती राहिली. पुढच्या वर्षी पुन्हा विचारायचं ठरलं.

आषाढातल्या अमावास्येला मी गेले. भर दुपारी पाणी चढत होतं. खेकड्याच्या बिळातून बांधाच्या आतल्या अंगाला धार लागली, तशी मी धावत जाऊन चिखलाचा गोळा त्यात कोंबला. क्षणात तो उडून माझ्याच तोंडावर आला आणि मी बसले भाताच्या पाण्यात. “रोह्याच्या बाई, भोक आतून बुजवतात व्हय? बाहेरून, पान्याच्या अंगानं!” आवाज धाकट्याचा होता. खाडीच्या बाजूला कमरेइतक्या पाण्यात तो उभा होता, हातात चिखल.

“तू कशाला आलास? तुला विकायचीय ना?”

“विकायचीय. म्हनून काय बुडू द्यायची?”

मग दुपारभर मी गोळे देत होते, तो बुजवत होता, आणि आम्ही एकमेकांच्या बाजूंना पोटभर शिव्या घातल्या. बांध राहिला.

हे पत्र घडी घालून माझ्याजवळच ठेवणार आहे. धाकट्याच्या हाती लागायला नको, कारण पुढचं तुम्हालाच सांगते आहे. माझे गुडघे तेव्हापासून सुजलेत, बाबा. ते असेच राहिले, तर पुढच्या बैठकीत मी कुणाच्या बाजूने हात वर करीन, ते माझं मलाच माहीत नाही.