गोगलगायी आणि काळा मार्कर

२ मार्च
संपादक झालो! आमच्या गोगलगाय अभ्यासक मंडळाचं त्रैमासिक शेवटचं कधी निघालं, कुणालाच आठवत नाही. अध्यक्षांनी बजावलं, वार्षिक सभेपर्यंत अंक आला नाही तर त्रैमासिक कायमचं बंद. संकल्प : अंक वेळेवर, पीअर रिव्ह्यू, म्हणजे तज्ज्ञांकडून परीक्षण, कडक. लेखक कोण, हे परीक्षकाला कळता कामा नये.

९ मार्च
लेख एकच आला. ज्येष्ठ सदस्यांचा, ज्यांना सगळे मागून शंखसम्राट म्हणतात. हाताने लिहिलेला. झेरॉक्सवर त्यांचा विश्वास नाही. मार्करने नाव खोडलं. सोपं काम आहे.

१० मार्च, दुपारी
तितकं सोपं नाही. दर ओळीत ते स्वतःचाच दाखला देतात. सगळे खोडले. गोगलगायीलाही त्यांचंच नाव दिलेलं. तीही खोडली. 'वस्तुतः' मंडळात फक्त तेच म्हणतात. गेलं. नवा मार्कर आणला.

११ मार्च
लेख संपूर्ण निःपक्षपाती झाला. उरलं : 'आणि', 'परंतु', 'असे दिसते'. बायकोने विचारलं, लेख कुठे गेला? घरच्यांना शास्त्र कळत नाही.

४ एप्रिल
परीक्षक मिळेनात. एकाला सवड नाही. एकाने आपण वारल्याचं स्वतःच फोनवर कळवलं. शेवटी मेहुण्याला गळ घातली. तो दातांचा डॉक्टर. गोगलगायीला हजारो दात असतात, तेव्हा चालेल.

२० एप्रिल
मेहुण्याचा अभिप्राय : लेख संयत आहे, 'परंतु' काढून छापावा.
दुसरा परीक्षक हवाच. विषय कळणारा माणूस एकच, शंखसम्राट. त्यांनाच पाठवला. लेखकाची ओळख लेखकापासूनही गुप्त! स्वतःचाच अभिमान वाटला.

६ मे
शंखसम्राटांचं उत्तर चार पानी. "या गृहस्थाला गोगलगाय आणि शिंपला यांतला फरक कळत नाही, अक्षर गचाळ, आणि माझा एकही दाखला नाही. साभार परत करा."
एक होकार, एक नकार. निर्णय संपादकाचा. तो खोडलेला लेखच प्रेसला दिला. दुसरी प्रत होतीच कुठे?

१७ मे, सभेहून आल्यावर
अंक वाटले. शंखसम्राट उठून माझ्याकडे आले. म्हटलं, संपलं सगळं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. अनुक्रमणिकेत नाव पाहून त्यांचे डोळे भरले होते. भीतभीत विचारलं, लेख पाहिलात का?
"छापून आला ना? मग आता कशाला पाहायचा?"
बाकीचे अंकाने वारा घेत होते. त्रैमासिक चालू ठेवण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला. मला हुंदकाच फुटला.
घरात पाऊल टाकताच बायकोला सांगितलं, "आपलं त्रैमासिक वाचलं!"
ती म्हणाली, "कुणी?"