योग्य ती व्यवस्था

४ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कायदा झाला! काल दुपारी सभागृहात हात वर झाले आणि मी वरच्या सज्जात शेजारच्या अनोळखी बाईला मिठीच मारली. ती बिचारी दुसऱ्याच कुठल्यातरी कामाला आली होती. फरसाठी प्राणी पिंजऱ्यात पाळायचे नाहीत, आहेत ते धंदे वर्षअखेर बंद. इतकी वर्षं फलक घेऊन पदपथावर उभी राहिले, लोकांनी वेड्यात काढलं, घरमालकीणबाईंनी दोनदा खोली सोडायला सांगितली. आता बोला म्हणावं!

भावोजी मला शिव्या घालत असतील. घालू देत, मेहुणीला शिव्या घालायचा त्यांना हक्कच आहे. त्यांचा कोल्ह्यांचा धंदा बंद पडणार याचं तुझ्यासाठी वाईट वाटतं, पण खोटं कशाला सांगू, आनंद त्याहून जास्त आहे. आणि ऐक, एक कलम माझ्या हातचं आहे. पिंजऱ्यांत उरलेल्या प्राण्यांचं काय, असं मसुदा लिहिणाऱ्या साहेबांनी विचारलं, तेव्हा मी उभ्याउभ्या लिहून दिलं की मालकाने उरलेल्या प्राण्यांची योग्य ती व्यवस्था लावावी. कानामात्रा न बदलता तसंच्या तसं घेतलं. तुमचे कोल्हे कुठे पाठवणार ते कळव.

तुझ्या लोभाला सोकावलेली,
मिरची

९ नोव्हेंबर

चि. मिरचीस,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र पोचलं. अभिनंदन करावं की कान उपटावा हे ठरत नाही, म्हणून दोन्ही केलं असं समज.

यांनी कायदा दोनदा मोठ्यानं वाचला. मला वाटलं, आता आदळआपट होणार. पण तुझ्या कलमापाशी आले आणि चष्मा काढून म्हणाले, तुझ्या बहिणीनं सगळं सोपं करून टाकलं. अगं वेडे, पाहुणा आला तर त्याची आपण व्यवस्था करतो आणि प्रेताचीही व्यवस्थाच करतो. यांनी दुसरी धरली.

एरवी पुढच्या वर्षासाठी माद्या राखतात. यंदा राखायच्या कशाला? या हिवाळ्याची कातडी विकायला कायद्यानंच मुभा दिली आहे. थंडीनं केस दाट झाले की महिनाअखेरीला कातडीवाला गाडी घेऊन येणार आणि सगळ्या रांगा रिकाम्या होणार. दरवर्षी मरतात त्याहून जास्त यंदा मरणार, तेही तुझ्या कायद्यानं. तोडून बोलते आहे, पण तुझ्याशी गोड बोलून काय उपयोग? तुला काय म्हणायचं होतं ते साहेबांकडून लिहून आण. रडत बसू नकोस.

लोभ तसाच आहे, जरा चिडलेला आहे इतकंच.
ताई

१८ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रडत बसले नाही. रडत फिरले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, पास झालेला शब्द आता कुणाला बदलता येत नाही, आणि तो शब्द तुमचाच आहे. ताई, मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तरी त्यांचा पिच्छा सोडला नाही. शेवटी वैतागून त्यांनी एक खुलासा काढला. ज्याच्याकडे कुंपणाची जागा आहे आणि प्राणी मरेपर्यंत सांभाळीन असं जो लिहून देईल, त्याला मालकानं तो जिवंत द्यावा. मुदत महिनाअखेर. मला वाटलं, जिंकलो. आमच्या मागणीवर हजारो सह्या होत्या ना!

आता एक सही मिळत नाही. आमच्या संघटनेच्या अध्यक्षांची एवढी मोठी बाग, पण त्यांच्या बाईंना वास सोसत नाही. ज्या मास्तरांच्या भाषणानं सभा रडली, ते म्हणाले की तत्त्व वेगळं आणि कोल्हा वेगळा. कुणाचं मूल लहान, कुणाचं कुत्रं मोठं. सगळ्यांनी प्रेमानं बसवून घेतलं आणि काखा वर केल्या. माझ्याकडे अंगण नाही. या खोलीत घरमालकीणबाई मलाच कशीबशी ठेवतात.

मी काहीच केलं नसतं तर निदान माद्या तरी जगल्या असत्या, एवढंच डोक्यात घुमत राहतं. भावोजींना थांबव. पाया पडते तुझ्या. भांड, आजारी पड, काहीही कर.

लोभ उरला असेल तर थोडा राहू दे.
मिरची

३० नोव्हेंबर

चि. मिरचीस,
अ. उ. आ. वि. वि.

झालं ते आधी सांगते, नाहीतर तू ओळी गाळून शेवट शोधशील. काल कातडीवाला येऊन गेला.

हे थांबले नाहीत. मी आजारी पडले तर यांनी डॉक्टरला बोलावलं. भांडले, अबोला धरला. यांचं एकच, बंद पडणाऱ्या धंद्यात कोल्ह्यांना पोसणार कोण? मग मीच सही केली. घरामागची जागा बाबांनी माझ्या नावावर केलेली, कुंपण आहेच. हे आधी हसले. पशुखात्याचा तपासनीस टेप घेऊन आला तेव्हा हसायचे थांबले. त्यानं जागा मोजली आणि म्हणाला, अकरा मावतील. मी वीस तरी म्हणत होते. घासाघीस केली, त्या परक्या माणसासमोर रडलेसुद्धा. तो म्हणाला, अकरा.

कोणते ते तूच दाखव, असं म्हणून हे बाहेर जाऊन बसले. परवा मी अकरा चिंध्या घेऊन रांगांमधून निघाले. माद्या घ्यायच्या, असं ठरवून गेले होते. पहिल्या रांगेतच सगळं विसरले. एका पिंजऱ्याला चिंधी बांधली की शेजारचा माझ्याकडे बघायचा. शेवटची चिंधी हातात धरून अर्धी दुपार नुसती फिरत राहिले. ती कुठे बांधली, मला आठवत नाही.

तर परसात आता अकरा आहेत. एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसतात, मातीवर पाय टाकायला घाबरतात. जन्मात पाहिलीच नाही ना त्यांनी. हे अकरा तुझ्यामुळे आहेत असं धरून चाल. मीही तेवढंच धरून चालले आहे.

एक गोष्ट लिहायची नव्हती, पण कुणाला तरी सांगायलाच हवी. गडी सोडून गेल्यापासून सगळ्यांना खायला मीच घालते. म्हणून मी रांगांत शिरले तशी सगळे जाळीशी येऊन उभे राहिले. चिंध्या संपल्या, मी परत फिरले, तरी बाकीचे शेपट्या हलवत होते. त्यांना वाटलं, आता आपली पाळी.

लवकर ये. लोभाचं विचारू नकोस, तो आहेच.
ताई