प्रज्ञाच्या लॅपटॉपची ट्रायल

५ एप्रिल, रविवार. लातूर.
आज जेवताना प्रज्ञानं आपणहून बोलणं काढलं. तिला एक लॅपटॉप पाहिजे. दीड वर्षात पहिल्यांदा या पोरीला काहीतरी पाहिजे झालंय. सुनंदाचा भाकरी वाढणारा हात तिथंच थांबला आणि तिनं मला डोळ्यानं खुणावलं, हो म्हणा.

हो म्हणायच्या आधी मी विचारलंच. चौकशी केल्याशिवाय मला घास उतरत नाही. घरातला का चालत नाही? तर बंगळुरूच्या एका कंपनीनं तिला परीक्षेचं काम दिलंय. खरोशाच्या लेण्यांचे हजारभर फोटो काढायचे, ते जोडून संगणकावर असं लेणं उभं करायचं की बसल्या जागी आत फिरता यावं. ३० तारखेपर्यंत. जमलं तर नोकरी. साध्या लॅपटॉपला हे झेपत नाही, आणि झेपणारा तयार मिळत नाही. सांगून बांधून घ्यावा लागतो. रिकामी बॉडी एकाची, आतलं सामान आपण निवडायचं.

म्हटलं, म्हणजे एसटीसारखं. चॅसिस कंपनीची, बॉडी आपल्या वर्कशॉपची.
"तसंच पप्पा," म्हणाली.
चौतीस वर्षं वर्कशॉपात काढली, रिटायर होऊन वर्ष झालं. माझ्या कामातलं बोलणं या घरात आज पहिल्यांदा कुणाच्या उपयोगी पडलं.

८ एप्रिल, बुधवार.
काल नांदेडला जाऊन आलो, मी आणि प्र. ती खिडकीशी. अहमदपूरपर्यंत गप्प, तिथून लोह्यापर्यंत ग्राफिक्स कार्डावर भाषण. मी मान हलवत होतो. निम्मं कळलं.

मोईनभाईचं दुकान वजिराबादेत, जिना चढून. माणूस पन्नाशीचा, चष्मा कपाळावर ठेवतो आणि दुकानभर शोधत फिरतो. पण पहिला प्रश्न बरोबर विचारला, काम काय करणार ते सांगा, मशीनचं नंतर बघू. तिथंच मला पटला. त्याचा सल्ला असा की लॅपटॉप नको, डबा घ्या, म्हणजे टेबलावरचा मोठा संगणक. दुप्पट ताकद, तापतही नाही. मला एकदम आवडलं. एका जागी बसणारी वस्तू.

प्र. म्हणाली, "न्हाई. उचलून नेता आलं पायजे."

उचलून कुठं, हे मी विचारलं नाही. परतीच्या बसमध्ये साडेतीन तास होते, तेव्हाही नाही. रॅम चौसष्ट जीबी ठरली. दहा दिवसांनी देतो म्हणाला.

९ एप्रिल, गुरुवार.
पोटात आहे ते लिहून टाकतो, नाहीतर सु.वर चिडचिड होईल.

दीड वर्षापूर्वी पुण्याहून प्र.ला मीच घरी आणलं. तिथली नोकरी. रात्रंदिवस काम, झोप नाही, आम्हाला फोनवर सगळं छान सांगायची. मग मैत्रिणीचा फोन आला, काका, येऊन जा. गेलो तर पोरगी पलंगावर भिंतीकडं तोंड करून. चार दिवस जेवली नव्हती. मी बॅग उचलली, ती माझ्या शर्टाचं टोक धरून मागं मागं आली, लहानपणी बाजारात यायची तशी. सत्तावीस वर्षांची पोर. सहा महिने गल्लीच्या बाहेर गेली नाही. डॉक्टर, गोळ्या, सगळं झालं. आता जेवते, बोलते, गोळ्या बंद आहेत.

नोकरी लागली तर जाईल. नाही लागली तर पुन्हा भिंतीकडं तोंड करील. मला यातलं काय पाहिजे ते मलाच नक्की सांगता येत नाही, आणि मुलीच्या बापाला असं व्हावं याची लाज वाटते.

१४ एप्रिल, मंगळवार.
आज जयंती. प्र. पांढरी साडी नेसून आईबरोबर कोपऱ्यापर्यंत आली. मिरवणूक पुढं गेल्यावरही थांबली, खीर वाटायला. शेजारच्या बायांनी काय काय विचारलं, तिनं सगळ्यांना नीट उत्तरं दिली. सु. अंगणवाडीत शिकवते, पोर पहिल्यांदा अक्षर गिरवतं तेव्हा जशी बघते तशी बघत होती.

१८ एप्रिल, शनिवार.
लॅपटॉप काल आणला. दोन खोकी. मोठ्यातून मशीन निघालं. धाकट्यात चार्जर-बिर्जर असेल म्हणून मी ते तसंच कपाटावर टाकलं. प्र. म्हणाली चार्जर तर मोठ्यातच होता. म्हटलं, मग जादाचा असेल.

मोईनभाईचा नियम : पहिला आठवडा पूर्ण लोड देऊन चालवायचं, दर अर्ध्या तासाला तापमान लिहायचं. जे कच्चं असेल ते आत्ताच जाऊ द्या, मी बदलून देतो. आम्हीही इंजिन बांधल्यावर वाळूची पोती भरून गाडी औशाच्या रस्त्याला काढायचो. प्र.ला फोटोसाठी बाहेर जायचंय, म्हणून लिहायचं काम माझ्याकडं. तिनं प्रोग्रॅम लावून दिला, आकडा कुठं दिसतो ते दाखवलं. "पप्पा, तुमच्याशिवाय कुणाला जमणार न्हाई, लोक कंटाळतात." मस्का आहे हे कळत होतं. तरी वही आखून घेतली.

१९ एप्रिल, रविवार.
सु. सारखी जेवायला बोलावते. दहाला सुरू, ७१. साडेदहा, ८४. अकरा, ८८. बाराला खोली ४० आणि मशीन ९२. पंख्याचा आवाज मोठा पण सुरात आहे. मला आवडलं हे मशीन.

२१ एप्रिल, मंगळवार.
प्र. खरोशाला एकटी गेली. मी येतो म्हटलं तर नको म्हणाली. चपला घालून तयार होतो, काढून ठेवल्या. औशाहून फोन, पोचून फोन, निघताना फोन. सहाला घरी, चेहरा लाल, सहाशे फोटो. कॅमेरा मैत्रिणीचा आहे, त्याचं कार्ड लहान. म्हणून सगळे फोटो लॅपटॉपवर घेऊन कार्ड रिकामं केलं. उद्या परत जाणार.

सु. भाजी करताना गुणगुणत होती. मी आपला वहीत.

२३ एप्रिल, गुरुवार. दुपारी दोन.
प्र. आज तिसऱ्यांदा खरोशाला. खोली ४२. साडेअकराला मशीन ९७, पुढं आपोआप धीमं पडायला लागलं. मोईनभाईला फोन लावला. तो गिऱ्हाइकांत होता, घाईत म्हणाला, "गरमी जास्ती हाय अंकल. कूलर के उप्पर रखके चलाव, बिंदास."

डोकं आहे माणसाला. कूलरची टाकी भरली, नवीन खस लावली होतीच. आता कूलरच्या वर ठेवायचं तर वर हवा कुठं असते? हवा समोर. बोलण्याच्या भरात उप्पर म्हणाला असणार. म्हणून स्टूल समोर लावलं, एक हात अंतरावर.

बारा, ९०. साडेबारा, ८६. एक, ८३! दीड, ८३. खोली खसच्या वासानं भरली. प्र. आली की वही दाखवतो.

तोच दिवस. पाच.
अडीचनंतर पडद्यावर एकच अक्षर आपोआप उमटायला लागलं, ओळीच्या ओळी. मी काही दाबलं नव्हतं. मग पडदा काळा. उचलून बघितलं तर बटणांच्या फटीत पाण्याचे बारीक थेंब. कूलर थेंब उडवतो हे मला का सुचलं नाही. त्याच्यासमोर पाठ करून झोपतो मी, शर्ट रोज दमट होतो.

दोन दिवसांचे फोटो त्यात आहेत. कार्ड रिकामं. सात दिवस उरलेत.

२४ एप्रिल, शुक्रवार. सकाळी, बसमध्ये. अक्षर हलतंय.
काल प्र. आली तेव्हा मी खोटं बोललो. मशीनवर टॉवेल टाकला होता, म्हटलं ट्रायल चालू आहे, उद्यापर्यंत हात लावू नको. तिनं विश्वास ठेवला. उन्हानं काळवंडलेली, खुशीत, लेण्यातल्या खांबांबद्दल सांगत होती.

सु.ला टॉवेल बघूनच कळलं. मला स्वयंपाकघरात घेऊन विचारलं. सगळं सांगितलं. तिनं गॅस बंद केला आणि म्हणाली,
"खरं सांगा. ती जाऊ नये म्हणून तर न्हाई केलं?"
मी चिडायला पाहिजे होतं. चिडता आलं नाही. नाही म्हणालो, पण माझं मलाच ते पोकळ वाटलं. तिनं माझ्या ताटात वाढलं आणि जवळ बसली.

आज उठल्याबरोबर प्र.ला सांगितलं. ती टॉवेल काढून बराच वेळ बघत राहिली.
"कूलर म्हंजे आपला कूलर? पाण्याचा?"
हो.
तिनं कपाटावरचं धाकटं खोकं काढून फोडलं. आत एक पातळ जाळीचं स्टँड, खाली दोन पंखे. लॅपटॉप त्याच्यावर ठेवायचा असतो. त्याला म्हणतात कूलर. प्र. ते हातात धरून खाली बसली. मला वाटलं रडतेय. हसत होती. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सु. दारात येऊन उभी. हे हसणं आम्ही दोघं विसरलो होतो. मी गुन्हेगार, तरी मला इतकं बरं वाटलं की लिहिता येत नाही.

मग डोळे पुसून म्हणाली, चला नांदेडला. आठची बस.

तोच दिवस. नांदेड, मेव्हणीच्या घरी.
अहमदपूरच्या पुढं मी तिला सगळं सांगितलं. तिच्या आईनं काय विचारलं, आणि मला धड उत्तर देता आलं नाही ते. चौतीस वर्षांत एक मशीन पाण्यानं घालवलं नाही, आणि नेमकं हेच. मनात काही असल्याशिवाय असं होतं का?

प्र.नं माझी वही मागितली. पानं उलटली. दर अर्ध्या तासाचे आकडे, पाच दिवसांचे.
"मुद्दाम करणारा माणूस आसं लिहून ठेवत न्हाई, पप्पा. ८३ च्या पुढं उद्गारचिन्ह दिलंय तुम्ही."
मी बाहेर बघत होतो. वही मिटून ती म्हणाली, "पण भ्या वाटतंय ना तुमाला?"
"हाव."
"मला बी."
लोहा येईपर्यंत तिनं माझा दंड धरून ठेवला होता.

मोईनभाईनं ऐकलं आणि कपाळावर हात मारला, चष्मा खाली पडला. चूक माझी, धाकटं खोकं उघडून दाखवायला पाहिजे होतं, म्हणत राहिला. मी म्हटलं, चूक माझी. दोघांनी बराच वेळ चूक ओढून घेतली. शेवटी प्र. म्हणाली, आधी उघडा तर.

उघडलं. कीबोर्ड गेला. बाकी सामान त्यानं एकेक सुटं करून पुसलं, वाळत ठेवलं. फोटो राहिले का ते उद्या कळेल.

२५ एप्रिल, शनिवार. नांदेड.
फोटो आहेत. सगळेच्या सगळे. नवा कीबोर्ड बसला. मोईनभाईनं बिर्याणी मागवली, नको म्हटलं तरी. प्र.नं तिथंच टेबल मागून घेतलं आणि कामाला लागली. मशीन स्टँडवर, ८१. मला विचारलं, "पप्पा, लिहायलेत ना?" लिहितोय की.

चारच्या सुमारास ती उठून जिन्यात गेली. पाठोपाठ गेलो. भिंतीला टेकून उभी, हात थरथरत होते. पुण्यात असंच सुरू झालं होतं, म्हणाली. काय करावं कळेना. सु. असती तर तिला कळलं असतं. मी नुसता पायरीवर बसलो. ती पण बसली. खालच्या दुकानात कुणीतरी फ्रिजचा भाव करत होतं, ते ऐकत राहिलो. वीस मिनिटांनी म्हणाली, आजच्यापुरतं बंद करते. आणि खरंच जाऊन बंद केलं. पुण्यात तिनं हे कधी केलं नव्हतं. मोईनभाईनं चहा पुढं केला.

२९ एप्रिल, बुधवार. लातूर.
लेणं तयार झालं. प्र.नं मला आणि सु.ला शेजारी बसवून आत फिरवून आणलं. खांब, पायऱ्या, आत बसलेला बुद्ध. सु.नं पडद्यासमोर हात जोडले. मी शाळेच्या सहलीत गेलो होतो तेव्हा निम्मा वेळ डबा खाण्यात गेला होता. छतावर छिन्नीचे घाव एकेक दिसतात, हे आज कळलं. मी विचारलं, इथून बाहेर कसं यायचं? "हितं दाबा." दाबलं नाही, अजून थोडा वेळ आतच राहू म्हटलं.

एक दिवस आधीच पाठवून दिलं तिनं.

२ मे, शनिवार.
काल पौर्णिमा. विहारातून आलो तर कंपनीचा मेल आला होता. काम पसंत. एक जूनपासून बंगळुरूला या, सोमवारपर्यंत कळवा. सु.नं तिला जवळ घेतलं, मग आत जाऊन बराच वेळ भांडी घासली, घासलेलीच.

प्र. कालपासून हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. आज चहाच्या वेळी माझ्याजवळ येऊन बसली.
"पप्पा, मी जाऊ का?"
म्हटलं, हे मला विचारू नको, मी पक्षपाती माणूस आहे. पण नांदेडच्या जिन्यात तू उठून मशीन बंद केलंस ते मी बघितलंय.

तिनं चहा संपवला. कप रिकामा झाला तरी हातातच.
"गेलेच तर सोडायला कुठपर्यंत येताल?"
माझ्या मनात बंगळुरूपर्यंतची सगळी बस होती, तिची खोली, तिच्या खोलीतला पलंग. म्हटलं, तू म्हणशील तिथपर्यंत.
तिनं विचार केला.
"स्टँडपर्यंत या."

बरं म्हटलं. म्हणायला जरा वेळ लागला, तेवढं तिच्या लक्षात आलं असणार. सोमवारी काय कळवते बघू.