'बंद!' अशी आरोळी ठोकल्याबद्दल मिळालेले प्रशंसापत्र परत घेण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य अग्निशमन अधिकारी,
अग्निशमन मुख्यालय, दुसरा मजला
(आवक खिडकीमार्फत)

अर्जदार : लीडिंग फायरमन, बिल्ला क्रमांक ५७, केंद्र क्रमांक चार

विषय : लाँड्रीतील सुटकेबद्दल मला दिलेले प्रशंसापत्र रद्द करून, माझ्या सहकाऱ्यावर ठेवलेला ठपका माझ्या सेवापुस्तकात नोंदवण्याबाबत.

संदर्भ : १) आपले प्रशंसापत्र, दिनांक ४.
२) आपलाच ठपक्याचा आदेश, दिनांक तोच, शाईही तीच.
३) माझे यापूर्वीचे दोन अर्ज.

महोदय,

१. सविनय सादर करतो की, मी गेली बावीस वर्षे या दलात आहे. आग विझवायला इतर जण असतात. माझ्याकडे काम असते ते वीज, गॅस, वाफ, हवेचा दाब असे जे जे म्हणून अडकलेल्या माणसाच्या किंवा त्याला सोडवणाऱ्याच्या अंगावर येऊ शकते, ते आधी बंद करण्याचे. मी 'बंद!' असे ओरडल्याशिवाय आमच्या पथकातले कोणी यंत्रात हात घालत नाही. हा मान बावीस वर्षांचा आहे आणि तो डोक्यात जाऊनही जवळपास तितकीच वर्षे झाली.

२. गेल्या महिन्याच्या २८ तारखेला सकाळी साडेदहा वाजता एका मोठ्या लाँड्रीतून वर्दी आली. तेथे रुग्णालयांच्या चादरी धुतल्या जातात. कपडे वाळवण्याच्या यंत्रात साचलेल्या तंतूंनी पेट घेतला होता आणि हॉल धुराने भरला होता. शेजारच्या धुलाई यंत्राचा ड्रम माणूस वाकून आत शिरेल एवढा मोठा आहे. अडकलेली चादर काढायला यंत्रचालक त्यात उतरले होते आणि ओल्या चादरींच्या पिळात त्यांचा पाय घोट्यापासून आवळला गेला होता. धूर त्यांच्याकडे सरकत होता आणि ते आतून खोकत होते.

३. आमच्या पथकप्रमुख बाईंनी दोघांना पाण्याचा पाइप घेऊन आगीकडे धाडले. ड्रममध्ये शिरण्यासाठी त्यांनी आमच्यातला सर्वांत सडपातळ फायरमन निवडला. केंद्रात त्याला 'नळी' म्हणतात आणि या अर्जातही तसेच म्हणण्यास त्याची तोंडी संमती आहे. मला हुकूम झाला, "सगळं बंद करा, कुलूप लावा, मग सांगा."

४. विभागाच्या पुस्तिकेत या कामाच्या चार पायऱ्या आहेत. बंद करणे, कुलूप लावणे, पाटी अडकवणे आणि शेवटी बटण दाबून यंत्र खरोखरच चालू होत नाही ना, ते पाहणे. मी मेन स्विच खाली ओढला आणि पहिल्याच पायरीवरून गच्चीवर पोचल्याची घोषणा केली.

५. कुलूप का लावले नाही, असा प्रश्न आपल्याला पडेल. तो चौकशी अधिकाऱ्यांना पडला नाही, म्हणून मीच उत्तर देतो. विभागाने मला दिलेले लाल कुलूप त्या वेळी केंद्रातील माझ्या कपाटाला होते आणि कपाटात माझ्या बिस्किटांचा डबा होता. नळी बिस्किटे खातो, असा माझा संशय होता. म्हणजे त्या दिवशी नळीपासून बिस्किटे सुरक्षित होती. नळी मात्र माझ्यापासून सुरक्षित नव्हता.

६. मी स्विच ओढत असताना चादरींच्या घड्या घालणाऱ्या एक मावशी माझ्यामागे आल्या. तोंडाला ओले फडके बांधलेल्या. त्या म्हणाल्या, "साहेब, मागचा जनरेटर राहिला. तो आपला आपण सुरू होतो." मी त्यांच्याकडे न बघता म्हणालो, "मावशी, बाजूला व्हा. आमचं आम्हाला कळतं." हे वाक्य मी पूर्ण शुद्धीत उच्चारले आहे. त्यानंतर मी 'बंद!' अशी आरोळी ठोकली. माझा आवाज चांगला आहे, तो हॉलच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेला.

७. नळी तत्काळ कमरेपर्यंत ड्रममध्ये शिरला.

८. साधारण बारा सेकंदांनी परसात घरघर झाली, हॉलमधले दिवे लागले आणि ड्रम पाव फेरा फिरला. दार उघडे असताना यंत्र फिरू नये म्हणून त्यात सोय असते, पण ती कोणीतरी तार गुंडाळून निकामी केली होती. पथकप्रमुख बाईंनी यंत्रावरचे लाल बटण दाबल्याने ड्रम थांबला. तोवर काठ आणि चादरींचा गठ्ठा यांच्यामध्ये नळीच्या दोन बरगड्या गेल्या होत्या. तो ओरडला नाही. आतल्या यंत्रचालकांना म्हणाला, "काका, घाबरू नका. मी आहे." तो आवाज मला अजून ऐकू येतो, आणि तो माझ्या आरोळीपेक्षा फारच हळू होता.

९. मी मेन स्विचपाशी उभा होतो. स्विच खालीच होता. त्याने दगा दिला नव्हता.

१०. जनरेटर मावशींनी बंद केला. मी परसात पोचलो तेव्हा त्या त्याच्या पॅनेलवरची चावी उलटी फिरवून उभ्या होत्या. त्या रागावल्या नाहीत, हेच जड गेले. एवढेच म्हणाल्या, "आता माझ्यामागे या." मी गेलो. वरच्या टाकीतल्या गरम पाण्याला खाली यायला वीज लागत नाही, ते आपल्या वजनाने येते, म्हणून तो व्हॉल्व्ह त्यांनी माझ्याकडून आवळून घेतला. यंत्राचे दार हवेच्या दाबावर मिटते आणि कॉम्प्रेसर थांबला तरी टाकीत हवा उरते. ती त्यांनी माझ्याकडून सोडवली. फुस्स असा लांब आवाज झाला. मला तो वैयक्तिक वाटला.

११. कुलपे नसल्याने मावशींनी जुनी चादर फाडून तिच्या पट्ट्यांनी प्रत्येक खटक्याला गाठ मारली आणि गाठीत कपड्यांना लावायची चिठ्ठी खोवली. चिठ्ठीवर लिहिले, 'हात लावू नका. आत माणसं आहेत.' पुस्तिकेतील पाटीचा मजकूर अकरा ओळींचा आहे. शेवटी त्या मला यंत्रापाशी घेऊन गेल्या, नळीला हाताने थोपवून धरले आणि मला म्हणाल्या, "आता चालू करायचं बटण दाबून बघा." मी दाबले. काही हलले नाही. मग मोडलेल्या बरगड्यांनिशी नळीच पुन्हा आत गेला, कारण दुसरा कोणी त्या तोंडातून जात नव्हता. चादरी कापून सात मिनिटांत त्याने यंत्रचालकांना बाहेर काढले. त्यांचा घोटा सुजला होता, हाड शाबूत होते.

१२. आता छायाचित्राविषयी. वर्तमानपत्रात मी जनरेटरवर बसलेला दिसतो आणि खाली 'धगधगत्या यंत्रावर ठाण मांडणारा जवान' असे छापले आहे. नळी पुन्हा आत शिरताना मावशींनी मला जनरेटरपाशी परत धाडून "इथून हलू नका" असे बजावले होते, म्हणून मी तेथे होतो. मुद्रेवर जो करारीपणा आपल्याला दिसला, त्याचे कारण इतकेच की जनरेटर तापलेला होता आणि बसायला दुसरी जागा नव्हती.

१३. या छायाचित्राच्या आधारे मला 'प्रसंगावधानाबद्दल' प्रशंसापत्र मिळाले. त्याच दिवशी नळीला 'यंत्र सुरक्षित झाल्याची खात्री न करता उतावीळपणे आत शिरल्याबद्दल' ठपका आला आणि त्याची जखमेची रजा अडवली गेली. महोदय, तो उतावीळपणे शिरला नाही. तो माझ्या शब्दावर शिरला.

१४. मी पहिला अर्ज केला. उत्तर आले की प्रशंसापत्र परत घेण्याचा विहित नमुना उपलब्ध नाही. दुसरा अर्ज घेऊन आलो तेव्हा आवक खिडकीवरील लिपिक म्हणाले, "शौर्य झालं नव्हतं, याचे दोन साक्षीदार आणा." मी लाँड्रीत गेलो. तेथे चाळीस साक्षीदार आहेत, पण चादरी साचल्यामुळे कोणाला वेळ नव्हता. मावशींनी काम न थांबवता विचारले, "त्या बारीक पोराच्या बरगड्या कशा आहेत?" माझ्या प्रशंसापत्राविषयी त्यांनी काही विचारले नाही.

१५. दरम्यान माझ्या सासूबाईंनी सर्व नातेवाइकांना फोन केले आहेत. मेहुण्याने प्रशंसापत्राला चौकट करून आणली आहे. पत्नीला मी पहिल्याच संध्याकाळी सगळे सांगितले होते. ती म्हणाली, "लावा की भिंतीवर. रोज त्याच्याखाली बसून जेवा. बघू किती दिवस घास उतरतो." सहा दिवस उतरला. सातव्या दिवशी मी ताट घेऊन स्वयंपाकघरात गेलो.

१६. अशातच आपल्या कार्यालयाचे नवे पत्र आले की, पुढील तुकडीच्या प्रशिक्षणार्थींना 'धोकादायक ऊर्जेचे सुरक्षित नियंत्रण' हा विषय मी शिकवावा. मी पत्र तीनदा वाचले, नाव चुकले असेल म्हणून. बिल्ला क्रमांकही बरोबर होता.

१७. आदेश म्हणून काल मी पहिला सराव घेतला. पथकप्रमुख बाईंनी केंद्राच्या आवारात एक जुने यंत्र मांडले होते. नळी छातीला पट्टा बांधून खुर्चीवर बसून पाहत होता. मी प्रशिक्षणार्थींना या अर्जातील परिच्छेद चार ते नऊ जसेच्या तसे सांगितले. ते हसले, मग सातव्याला हसायचे थांबले. त्यानंतर मी स्विच ओढला, कुलूप लावले, पाटी अडकवली, बटण दाबून पाहिले आणि सवयीने 'बंद!' म्हणून ओरडलो. कोणी जागचे हलले नाही. मग एकेक जण पुढे आला आणि माझ्यासमोर, माझ्याकडे न बघता, ते बटण स्वतः दाबून गेला. बावीस वर्षांत माझ्या शब्दाची इतकी बेअब्रू झाली नव्हती आणि मला इतके हलके कधी वाटले नव्हते. सर्वांत शेवटी नळी खुर्चीचा आधार घेत उठला. त्यानेही दाबले. यंत्र हलले नाही. तेव्हा तो मला म्हणाला, "आता जातो आत."

तरी विनंती की, दिनांक ४ चा ठपका त्याच्या सेवापुस्तकातून काढून माझ्या सेवापुस्तकात नोंदवावा, त्याची रजा मंजूर करावी आणि प्रशंसापत्र कोणाला द्यायचेच झाले तर लाँड्रीत विचारावे. मावशी दुसऱ्या रांगेत, खिडकीजवळच्या टेबलावर असतात. मात्र दुपारी चारनंतर जावे, त्याआधी त्या बोलत नाहीत.

निर्णयाची वाट पाहणारा,
आपला नम्र,
(सही)
लीडिंग फायरमन, बिल्ला क्रमांक ५७
दिनांक : १९

सोबत :
१) मूळ प्रशंसापत्र (चौकटीसह, कारण मेहुण्याने ते डिंकाने चिकटवले आहे).
२) सहकाऱ्याच्या बरगड्यांच्या एक्स-रे अहवालाची प्रत.
३) विहित नमुना उपलब्ध नसल्याने मी स्वतः आखलेला नमुना, भरून.