वडिलांची सही पाहिजे

मी, अनसूया गुरुराज अण्णिगेरीकर, वय अठ्ठावन्न, सेवानिवृत्त मराठी प्राथमिक शिक्षिका, राहणार रायापूर, धारवाड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. कोणाला शंका असेल तर त्याने येऊन मला एकोणतीसचा पाढा विचारावा. कोणी धाक घातलेला नाही, कोणी फूस लावलेली नाही. फूस लावण्याइतके माझ्यापाशी आहे तरी काय? पोटातले दुखणे वाढले आहे. डॉक्टर हल्ली माझ्याशी बोलताना खिडकीकडे बघतात, त्यावरून काय समजायचे ते मी समजले.

हा कागद मी एकाच माणसासाठी लिहिते आहे. त्याचे नाव जयतीर्थ, वय बावीस. जन्मापासून बहिरा आणि म्हणून मुका. माझ्यामागे त्याला जेवायला कोण घालणार आणि त्याच्या डोक्यावर छप्पर कसे राहणार, एवढाच प्रश्न आहे. त्याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही. पुंडलिक वकिलांनी बजावले आहे की, बाई, त्याचे-तुमचे नाते जपून लिहा, एक शब्द वावगा पडला तर पोराचा वाटा बुडेल. म्हणून ते मी शेवटच्या कलमात लिहीन. तोवर नुसते जयतीर्थ.

कलम १. घर.

रायापुरातले दोन खोल्यांचे कौलारू घर, मागचे न्हाणीघर, चिकूचे झाड आणि विहिरीतला निम्मा हक्क. हे घर मी माझ्या फंडातून बांधले. सासरची एक वीटही त्यात नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण उद्या कोणीतरी येऊन वीट मोजू लागेल.

या घरात जयतीर्थाने तहहयात राहावे. त्याला कोणी बाहेर काढू नये, घर विकू नये, गहाण टाकू नये. त्याच्या नावावर घर करत नाही, याचे कारण वकिलांनी समजावले ते ऐकून मला दोन दिवस अन्न गेले नाही. तो माझ्यामागे बिनलग्नाचा वारला तर कायद्याने त्याचे वारस म्हणून जे येतील ते त्याच घरचे, ज्यांनी त्याला परत पाठवला.

पुढची खोली भाड्याने द्यावी आणि ते भाडे नागुबाई भरमा मेत्री यांनी घ्यावे. नागुबाई आमच्या शाळेत शिपाई होत्या, आता शेजारी राहतात. त्या बदल्यात त्यांनी जयतीर्थाला दोन वेळ जेवू घालावे. मी हे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई, त्येला काय भाकरी जड हाय का मला? पर माझं गुडघं बगा की. मी आधी जाणार का तुमी, ह्येचीच शर्यत लागलिया." शर्यत मी जिंकणार असे दिसते, पण फार पुढे नाही. नागुबाईंच्या मागे हे काम त्यांची मुलगी पारूबाई हिने करावे आणि जयतीर्थाच्या मागे घरही तिचेच व्हावे. पारूबाई बेळगावला दिली आहे. तिला तीन लेकरे आहेत. ती 'हो' म्हणाली, पण म्हणताना परकराच्या नाडीशी खेळणाऱ्या आपल्या धाकटीकडे बघत होती. मी तिला दोष देत नाही.

कलम २. दत्तविधान.

हे कलम वस्तूंचे नाही, पण याशिवाय पुढचे कळणार नाही.

जयतीर्थाला मी जन्म दिला. तो वर्षाचा असताना माझे थोरले दीर शेषगिरी अण्णिगेरीकर, वकील, धारवाड, यांनी त्याला दत्तक घेतले. त्यांना व कौसल्याबाईंना मूल नव्हते. सासरे म्हणाले, गोत्र तेच, घर तेच, मूल काय परक्याकडे चालले आहे? मला विचारले. मी मान हलवली. सासरे ओसरीवर, दीर पाटावर, यजमान खाली मान घालून उभे. तिथे आडवी मान हलवणारी सून आमच्या घराण्यात अजून जन्माला यायची आहे. पण होकार तो होकार. मी तो आज नाकारत नाही.

बाळाचार्यांनी विधी सांगितला. दारात सनई, ताशे. होमाच्या वेळी ताशेवाल्याने असा कडकडाट केला की माझ्या छातीत धडधडले. मूल यजमानांच्या मांडीवरून दिरांच्या मांडीवर गेले आणि झोपलेलेच राहिले. पापणी हलली नाही. सगळ्या बायका म्हणाल्या, अगंबाई, काय शांत मूल! बाळाचार्य म्हणाले, हा पूर्वजन्मीचा योगी, या घरचे भाग्य. कौसल्याबाईंनी तिथल्या तिथे मिठाने दृष्ट काढली. मीही हरखले, खोटे कशाला बोलू. एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांत कोणाला टाळी वाजवून बघायचे सुचले नाही. ज्या गोष्टीसाठी त्याला उराशी धरला त्याच गोष्टीसाठी पुढे ढकलला.

तो तिथे तीन वर्षे होता. मधल्या काळात कौसल्याबाईंना स्वतःचा मुलगा झाला, आणि जयतीर्थ बोलत नाही हेही उघड झाले. एका सकाळी टांगा दारात उभा राहिला. आत जयतीर्थ, त्याची पत्र्याची पेटी आणि शेषगिरींचा कारकून. कारकून म्हणाला, "साहेबांनी सांगितलंय, चार दिवस आईकडे राहू दे." ते चार दिवस अजून चालू आहेत.

दत्तकाचा कागद शेषगिरींच्या कपाटात राहिला. नगरपालिकेच्या दप्तरात बापाचे नाव शेषगिरी लागले ते लागलेच. माझे यजमान दोन वर्षांनी हृदयविकाराने गेले. जाताना त्यांनी जयतीर्थाचा हात धरला होता, तेवढ्यापुरते ते त्याचे वडील झाले.

कलम ३. शाळा.

हुबळीला बहिऱ्या मुलांची एक खाजगी निवासी शाळा होती. तिचे नाव लिहीत नाही. तिथल्या बायका भल्या होत्या. फी मला झेपणारी नव्हती, पण सरकारची शिष्यवृत्ती मंजूर झाली की मुलगा शाळेत राही आणि त्याच्या नावाने शाळेलाही अनुदान मिळे. मुख्याध्यापिकेने जयतीर्थाला मंजुरीच्या भरवशावर ठेवून घेतले. त्या वर्षात तो ओठांवरून 'अम्मा' ओळखू लागला. त्या शाळेत कानडी शिकवत. मला वाटले, शिकू दे, कोणतीही एक भाषा येऊ दे पोराला.

अर्ज घेऊन मी कचेरीत गेले. तिथल्या गुमास्त्याने कागद उलटापालटा केला आणि म्हणाला, "तंदी सही बेकु री." वडिलांची सही पाहिजे. मी म्हटले, मी विधवा आहे. तो म्हणाला, तुम्ही असाल, याचे वडील जिवंत आहेत, हे काय नाव. विधवेच्या मुलाला सवलत होती, ती याला नाही. उत्पन्नाचा दाखला वडिलांचा, म्हणजे वकिलाचा, म्हणजे मर्यादेच्या कितीतरी वर. सही आणली असती तरी मुलगा अपात्र, आणि न आणली तर अर्जच अपुरा. मी त्याला म्हटले, अहो, जन्म मी दिला, रोज भात मी भरवते. तो वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "बाई, भाताचा रकाना नाही यात."

तरी मी शेषगिरींकडे गेले. ओसरीवर पेन उघडून उभी राहिले. म्हटले, भावजी, सही करा, उत्पन्नाचे मी वरच्या साहेबांशी भांडेन. ते म्हणाले, "अनसूया, इथे सही केली की तो माझा मुलगा ठरतो. मुलगा ठरला की अण्णिगेरीच्या जमिनीत वाटा आला. एवढे तुला कळत नाही?"

"आणि नाही केली तर?"

"नाही केली तर तो कोणाचाच नाही. त्याने काय बिघडते?"

आतून कौसल्याबाई खोकल्या. शेषगिरी उठले आणि म्हणाले, "मुगीतु. इन्न मात ब्याड." संपले, आता बोलणे नको. घरात मराठी बोलणारा माणूस, पण दार लावायचे झाले की कानडीत लावायचा.

मी दर वर्षी अर्ज केला. म्हैसूरचे कर्नाटक झाले, छापील कागद नवे आले, रकाना तोच राहिला. अनुदान आखडले तेव्हा शाळेने मंजुरी नसलेली मुले घरी पाठवली. मुख्याध्यापिका माझा हात धरून म्हणाल्या, "बाई, सरकार डोकी मोजून पैसे देतं, आणि ह्याचं डोकं कागदावर नाही." जयतीर्थ आपली गादी गुंडाळून स्वतःच दारात आला. त्याला वाटले, सुट्टी लागली. पुढे कितीतरी महिने तो रोज सकाळी गादी गुंडाळून दाराशी ठेवी आणि माझ्याकडे बघे. त्याला समजावून सांगायला माझ्यापाशी शब्द नव्हते, असले तरी त्याच्यापर्यंत पोचणार नव्हते.

कलम ४. किरकोळ वस्तू.

माझे शाईचे पेन शेषगिरी अण्णिगेरीकर यांना द्यावे. त्यांच्या ओसरीवर ते उघडे धरून मी उभी राहिले होते. चालू स्थितीत आहे, शाई भरून द्यावे.

दत्तविधानात कौसल्याबाईंनी मुलाच्या हातात दिलेली चांदीची वाटी पत्र्याच्या पेटीतून परत आली होती. ती त्यांना पोचवावी. ती मी घासूनपुसून ठेवली आहे, तिच्यात कधी काही खाल्ले नाही. कौसल्याबाई एकदा, एकदाच, दसऱ्याला सोने द्यायच्या निमित्ताने आल्या आणि जयतीर्थाच्या डोक्यावरून हात फिरवून डोळे पुसत गेल्या. म्हणून त्यांना मी शिव्या देत नाही. रडून झाल्यावर त्यांनी काही केले असते तर बरे झाले असते.

माझी नऊवारी पातळे नागुबाईंना. पितळी पिंप आणि शेगडी घरातच राहू द्यावी, जयतीर्थाला पाणी तापवता येते. देव बाळाचार्यांच्या मुलाकडे द्यावेत. माझे त्यांच्याशी बोलणे बंद आहे, म्हणजे देवांशी.

बँकेतली शिल्लक आधी औषधांची, मग दहनाची, उरली तर जयतीर्थाच्या कपड्यांची. तेरावे करू नये. माझ्या क्रियाकर्माचा अधिकार शास्त्राने जयतीर्थाला नाही म्हणे, तो दुसऱ्या घरी दिलेला. शास्त्र आणि कचेरी यांचे एवढ्यावर अगदी एकमत आहे. अग्नी त्यानेच द्यावा. कोणी हरकत घेतली तर नागुबाईंनी त्याला माझ्या वतीने हाकलावे, त्यांचा आवाज मोठा आहे.

कलम ५. इतर सोय.

कोणी म्हणेल, बाईने संस्थेत का नाही ठेवले? सगळीकडे विचारले. मुलांच्या वसतिगृहात तो मोठा झाला म्हणून घेत नाहीत. मोठ्यांना हातकाम शिकवणाऱ्या केंद्रात बहिऱ्यांच्या शाळेचा पूर्ण दाखला लागतो. गोकुळ रोडवर एका कारखान्यात खोके बांधायला लावला. यंत्र मागून आले, हाक ऐकू आली नाही, खांद्याला लागले. मालकाने औषधपाणी केले आणि हात जोडले. एका मंडळाला मी लिहिले की माझे घर घ्या आणि ह्याला ठेवा. त्यांचे सभ्य उत्तर आले: घर आनंदाने घेऊ, व्यक्तीस नियमात जागा नाही.

कलम ६. नाते.

आता हे लिहून टाकते. पुंडलिक वकील म्हणतात, जयतीर्थाला एकच आधार उरतो, तो म्हणजे अण्णिगेरीच्या वडिलोपार्जित जमिनीतला वाटा. माझ्यामागे ते त्याच्यासाठी दावा लावणार आहेत, फी न घेता. शेषगिरी म्हणणार, दत्तक मोडले, मुलगा आईकडे परत गेला, तीच त्याला मुलगा म्हणत आली. मी या कागदात त्याला मुलगा म्हटले तर तोच कागद ते कोर्टात पहिला काढतील. बाळाचार्य गेले, सासरे गेले, यजमान गेले. त्या मांडीवरून त्या मांडीवर मूल जाताना पाहिलेली आणि खरे सांगणारी मी एकटी राहिले आहे. दावा किती वर्षे चालेल, असे मी विचारले. वकील म्हणाले, बाई, आधी कागद तर होऊ द्या. मला त्यातून काही निघेल असे वाटत नाही. तरी पण लिहिते.

मी याद्वारे लिहून देते की, जयतीर्थ शेषगिरी अण्णिगेरीकर याचे दत्तविधान माझ्या समक्ष, माझ्या संमतीने, यथाविधी झाले. ते कधीही रद्द झालेले नाही. तो श्री. शेषगिरी अण्णिगेरीकर यांचा मुलगा आहे. तो माझा मुलगा नाही. तो माझा पुतण्या आहे.

हे लिहिताना जयतीर्थ समोर पाटावर बसून माझ्या हाताकडे बघतो आहे. शाळा सुटल्यावर मी त्याला घरीच थोडे वाचायला शिकवले. त्याला स्वतःचे नाव येते. पाणी येते, भात येतो, बसच्या पाटीवरचे कानडी रायापूर येते, आई येते. आता तो या पानावर 'आई' शोधतो आहे, वरती सापडले की बोट ठेवून माझ्याकडे बघतो. पुतण्या हा शब्द मी त्याला शिकवलेला नाही.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, खाडाखोड नाही, आणि साक्षीदारांदेखत सही केली.

ठिकाण: रायापूर, धारवाड
तारीख: ९ नोव्हेंबर १९८६

(सही) अनसूया गुरुराज अण्णिगेरीकर

साक्षीदार:
१. (सही) पुंडलिक व्यंकटेश मुळगुंदकर, वकील, धारवाड
२. (सही) बाळाप्पा केदारी कोलकार, शेजारी, रायापूर