जेनोआचं हवामान

जेनोआ बंदर, इटली
१९ मे २०२६

अहो,

मी ठणठणीत आहे, किशोरीही मजेत. बोट लागायची ती पहिल्या दिवशी लागली, पुन्हा नाही. तुमच्या कमरेचं कसं आहे? निघायच्या आठवडाभर आधी भरली आणि आम्ही विमानात बसल्याबरोबर वडाळे तलावाला फेऱ्या मारण्याइतकी सुटली, असं सोनाबाईकडून कळलं. बरं वाटलं. गोळ्या तिच्यासमोरच घेत जा.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणाल. फोनवर मी एका विशिष्ट विषयाकडे वळले की तुमचा दूधवाला येतो. म्हणून बंदरावरच्या बाकावर बसून लिहितेय. किशोरी या पानांचे फोटो काढून तुम्हाला संध्याकाळी पाठवेल. मोठे करून वाचा, आणि शेवटपर्यंत वाचा.

सकाळी डेकवर आलो तर समोर अख्खा डोंगर घरांनी भरलेला. पिवळी, गुलाबी, गेरूच्या रंगाची घरं, सगळ्यांना हिरव्या झडपांच्या खिडक्या. किशोरी म्हणाली, “अगं, कर्नाळ्याच्या डोंगराला कुणी पनवेलचा बाजार चिकटवलाय की काय!” आमचा ग्रुप बसमध्ये बसून शेजारचं कुठलं तरी सुंदर गाव बघायला गेला. आम्ही दोघी मैत्रिणी गेलो नाही. आमची टूर लीडर मनस्वी हिला मी सांगितलं की गुडघे दुखतायत. कमरेचं कारण तुम्ही आधीच वापरलं होतं.

फाटकाबाहेर आम्हाला एक मुलगी भेटली. इथेच राहते, मराठी छान बोलते. म्हणाली, चला, मी शहर दाखवते.

काय गल्ल्या आहेत हो! दोन छत्र्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे सरावं लागेल. वर दोरीवर चादरी, खाली मासेवाला, त्याच्या शेजारी चर्च, आणि चर्चच्या भिंतीला टेकून चांभाराचं दुकान. किशोरीनं तेवढ्यात तिथे चपलेचा अंगठा शिवून घेतला. तो इटालियनमध्ये बोलत होता, ही मराठीत. दोघांचं छान जमलं.

मग एका भट्टीपाशी थांबलो. बेसन, पाणी, तेल आणि मीठ एवढंच कालवून तांब्याच्या भल्यामोठ्या परातीत ओततात आणि लाकडाच्या जाळावर भाजतात. त्याला फारिनाता म्हणतात. आपलं पिठलं न ढवळता भाजलं तर जसं होईल तसं. मी दोन तुकडे खाल्ले. किशोरी म्हणाली, “चव आहे, पण जीव नाही,” आणि पर्समधून लसणाची सुकी चटणी काढली. भट्टीवाल्यालाही दिली. त्याच्या डोळ्यांतून पाणी, तोंडानं फूफू, आणि तरी पुन्हा हात पुढे! पुडी तिथेच ठेवून आलो. ती मुलगी तर इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली.

चढ लागला की ती थांबायची. पदपथावरून चालताना मी आपोआप रस्त्याच्या बाजूला व्हायचे. ती म्हणाली, “चढ मला आता झेपत नाही, लिफ्टनं जाऊ.” मला वाटलं एखाद्या इमारतीची लिफ्ट असेल. तर इथे रस्त्यालाच लिफ्ट आहे! बोगद्यातून आत जायचं, बसमध्ये शिरावं तशी माणसं आत शिरतात, आणि दार उघडतं ते थेट वरच्या रस्त्यावर. तिथून करडी छपरं, दीपगृह आणि अख्खं बंदर दिसतं. क्रेनखाली कंटेनर रचलेले. तुमची सगळी नोकरी द्रोणागिरीच्या यार्डात गेली. तुम्ही असतात तर तिथून हलला नसतात, “हे रचणं चुकलंय” म्हणत उभे राहिला असतात. मी तसं म्हटलं, आणि ती मुलगी आमच्याकडे पाठ करून कंटेनर मोजायला लागली.

ती कोण, हे तुम्हाला केव्हाच कळलंय. पत्र बाजूला ठेवलं असेल तर उचला.

आपल्या कादंबरीला आठवा महिना सरत आलाय. मला हे मार्चपासून माहीत होतं. बोट कुठे कुठे थांबणार हा कागद तुम्ही वाचलात आणि तुमची कंबर भरली. मी तोच कागद वाचला आणि डिंकाचे लाडू वळायला घेतले. निघताना सोनाबाई कानाशी लागून म्हणाली, “बाय, पोरीला बगूनच या. सायबांना मी काय सांगनार नाय.” तिच्यावर रागावू नका.

दुपारी कादंबरीच्या घरी जेवलो. आपला जावई मार्को उंच आहे, लाजरा आहे. बंदरात बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. त्याला मराठीतलं एकच वाक्य नीट येतं, “आई, जेवलात का?” ते त्यानं दारात विचारलं, जेवताना विचारलं, हात धुतल्यावरही विचारलं. त्यानं तुळशीसारख्या पानांची हिरवी चटणी घालून शेवया केल्या होत्या. किशोरी घाबरून म्हणाली, “तुळस वाटली?” कादंबरीनं ती तुळस नव्हे हे शपथेवर सांगितलं, तेव्हा कुठे तिनं खाल्लं, आणि मग तीनदा वाढून घेतलं.

कादंबरीनं लग्न आधी केलं आणि आपल्याला मग कळवलं, हे मलाही लागलं होतं. अजून लागतं. पण चार वर्षं झाली हो.

चारला आम्हाला बोटीवर परतायचं होतं. ती सोडायला आली. फाटकाशी माझ्या पर्सचा पट्टा उगाच सारखा करत तिनं विचारलं, “बाबा माझं काही विचारतात?”

“नाही,” मी खरं तेच सांगितलं. “पण त्यांच्या मोबाइलवर हवामान उघडलं की पनवेलच्या खाली दुसरं नाव जेनोआचं येतं. गेल्या वर्षी इथे वादळाचा इशारा होता, त्या दिवशी त्यांनी सकाळपासून मोबाइल हातातून ठेवला नाही.”

तुम्हाला वाटतं मला चष्म्याशिवाय दिसत नाही.

ती आधी हसली. मग खाली बसली आणि लहानपणी रडायची तशी, नाक ओढत रडली. म्हणाली, “म्हणजे मी छत्री घेतली की नाही याची काळजी कुणीतरी करत होतं.”

मी काही ठरवून आले नव्हते. लाडू देऊन, डोक्यावर हात ठेवून परत जायचं, एवढंच मनात होतं. पण तिला तशी बसलेली सोडून मला बोटीचा जिना चढवेना. मनस्वी ग्रुप घेऊन परतली, तिला मी सांगितलं, “मी येत नाही.” ती हबकली. “काकू, असं मध्येच उतरता येत नाही!” मग तिनं कादंबरीकडे पाहिलं आणि माझा पासपोर्ट मागून घेतला. आताच निरोप आलाय, बोटीवरचे साहेब तयार झालेत, दोन सह्या करायच्यात. किशोरी माझी बॅग भरायला वर गेलीये. तेवढ्या वेळात हे लिहून होतंय. कादंबरी शेजारीच बसलीये, पण तिनं पानाकडे बघितलेलं नाही.

तेव्हा मी बाळंतपण करूनच येईन. बाळ जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. तुमच्या पासपोर्टावरचा व्हिसा माझ्यासारखाच जुलैअखेरपर्यंत चालतो, मी पाहिलंय. विमानतळ आता आपल्या दाराशी आहे, त्यामुळे ट्रॅफिकचं कारण नको. तुम्हाला तिच्याशी काय बोलायचं ते सुचत नसेल, तर बोलू नका. मार्कोबरोबर बंदरावर जा, कंटेनर बघा, काय चुकलंय ते सांगा. तो ऐकून घेईल, त्याला समजणार थोडंच आहे!

यायचं नसलं तरी मी रागावणार नाही. पण दूधवाला आलाय असं सांगू नका. सरळ ‘नाही’ म्हणा, तिलाच, तिचा आवाज ऐकून. उद्या सकाळी फोन तीच करणार आहे.

तुमची, आणि बाळ न्हाऊमाखू लागेपर्यंत तिची,
आशालता