डायनामोचं बेअरिंग आणि मुखेडचं घर यांबाबत माझी शेवटची व्यवस्था

मी, शिवकांता धोंडप्पा हलगरे, वय ७१, निवृत्त मुख्याध्यापिका, राहणार मुखेड, जि. नांदेड, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉ. लुंबिनी सूर्यतळ यांचा दाखला सोबत जोडला आहे. माझा मुलगा संगमेश्वर याला तो दाखला पटला नाही, तर त्याने खुशाल माझी दुसरी तपासणी करून घ्यावी. मात्र ती मी जिवंत आहे तोवर उरकावी.

१. मिळकत. मुखेडचं घर माझ्या पगारातून, माझ्या नावे बांधलेलं आहे. माझे पती कै. धोंडप्पा यांनी फक्त भिंतींचा रंग निवडला, आणि तोही चुकला. त्यांची जुनी पांढरी मोटार ते गेल्यावर माझ्या नावे झाली. साठीत मी ती चालवायला शिकले. बाजार, बँक, दवाखाना, लातूर, सगळीकडे माझी मी जाते. 'जरा सोडतोस का रे' असं कोणाला म्हणावं लागत नाही, हे माझ्या म्हातारपणाचं सगळ्यात मोठं सुख आहे.

२. कारण. मागच्या वर्षी वेळ अमावस्येच्या शेतपूजेला आणि जेवणाला आम्ही सगळे दीर शेषेराव यांच्या चाकूरजवळच्या शेतात जमलो होतो. निघताना गाडी सुरू केली, तर पुढून घर्रघर्र आवाज यायला लागला. आपल्याकडे बॉनेट उघडलं की रस्त्याने चाललेला माणूसही थांबून निदान सांगतो. इथे तर सगळे घरचेच. हातातली आंबील खाली ठेवून पुरुषमंडळी इंजिनाभोवती गोळा झाली.

शेषेरावांनी ट्रॅक्टरखेरीज जन्मात काही चालवलेलं नाही. ते म्हणाले, "पेट्रोलात रॉकेल हाय." जावई बजरंग म्हणाले, "इंजिनातले टॅपेट वाजायलेत." संगमेश्वर लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. त्याने डोळे मिटून ऐकलं आणि निकाल दिला, "आई, इंजिन गेलं. आता काही खरं न्हाई." सून तनुजा म्हणाली, "पट्टा काढून बघायचा का?" तिला भांडी आवरायला पाठवण्यात आलं.

इंजिन गेलं, म्हणजे गाडी विकायची. गाडी नाही, तर आई मुखेडला एकटी कशी राहणार? म्हणजे घरही विकायचं, आणि आईला लातूरला क्लासच्या वर, मागच्या खोलीत आणून ठेवायचं. एका आवाजावरून हे सगळं अंधार पडायच्या आत ठरलं. मला कोणी विचारलं नाही. मला संताप आला, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली.

३. निदान. मुखेडला येऊन मी तनुजाचं ऐकलं. पट्टा काढला आणि इंजिन क्षणभर चालू केलं. आवाज बंद. म्हणजे इंजिन ठणठणीत होतं, दोष पट्ट्यावर फिरणाऱ्या वस्तूंत होता. मग गाडी बंद करून एकेक पुली हाताने फिरवली. पाण्याच्या पंपाची अलगद फिरली. डायनामोची मात्र जात्यात खडा आल्यासारखी अडखळली. बेअरिंग बदलून घेतलं आणि गाडी गप्प झाली. मी हे कोणालाच सांगितलं नाही. म्हटलं, बघू, आवाज गेल्याचं कोणाच्या कानाला कळतं ते.

४. पुरावा. यंदाच्या वेळ अमावस्येला मी बजरंग, संगमेश्वर आणि तनुजा यांना त्याच गाडीतून लातूरहून चाकूरला नेलं. बजरंग म्हणाले, "टॅपेट लईच वाजायलेत." संगमेश्वर म्हणाला, "आता तर गिअर बदलताना बी येतोय. मी घराला गिऱ्हाईक बघून ठेवलंय." मागून तनुजा म्हणाली, "आत्या, आवाज तर बंद झालाय."

"तुला काय कळतंय गाडीतलं?" संगमेश्वर म्हणाला.

ती खिडकीबाहेर बघत बसली. मला आरशात तिचा चेहरा दिसत होता. हे मृत्युपत्र मी तिथेच, गाडी चालवता चालवता ठरवलं.

५. सबब, माझ्या पश्चात पुढीलप्रमाणे वाटणी व्हावी. दागिने मुलगी तारामती हिला. ते तिने नवऱ्याला सांभाळायला देऊ नयेत. बजरंग यांना गाडी खोलायचे माझे सगळे पाने. टॅपेट सापडले तर वापरावेत. शेषेरावांना काही नाही, फक्त विनंती की माझ्या मातीच्या वेळी मी कशाने गेले हे त्यांनी लोकांना सांगू नये. आणि 'मला तर गाडीचा आवाज येत नाही' असं मी त्या दिवशी म्हटल्यावर संगमेश्वरने कौतुकाने आणून दिलेलं श्रवणयंत्र, न वापरलेलं, डबीसकट संगमेश्वरला.

६. घर आणि गाडी सून तनुजा हिला, तिच्या एकटीच्या नावे. तिच्याकडे लग्नाआधीपासून लायसन्स आहे. 'मी असताना तुला कशाला?' या एका वाक्याने ते कपाटात जाऊन पडलं. घर विकावं, ठेवावं, की आतून कडी लावून निवांत बसावं, हे तिच्या मर्जीवर. संगमेश्वरला तिथे राहायचं असल्यास त्याने तिला विचारावं. तो आरडाओरडा करील. तो माझा मुलगा आहे, माझा जीव आहे त्याच्यावर. पण घर त्याला दिलं, तर उद्या तनुजालाही मागची खोलीच मिळेल, आणि ते मला मेल्यावरही सहन होणार नाही.

७. आज सहीसाठी मुखेडहून लातूरला वकिलांकडे गाडी तनुजाने आणली; ती कालच माझ्याकडे मुक्कामाला आली होती. मी शेजारी बसले होते. चाकूर सोडल्यावर तिच्या फोनवर संगमेश्वरचा फोन आला. तो मी उचलून स्पीकरवर लावला. "कुठं हायेत तुम्ही? गाडी कोण चालवायलंय?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "मी." आणि तिने वरचा गिअर टाकला. दोन्ही साक्षीदार मागच्या सीटवर होते. त्यांनी हे ऐकलं आहे.

वरचा शब्द न् शब्द माझा आहे. वाचून, चष्मा पुसून पुन्हा वाचून सही केली.

सही: शिवकांता धोंडप्पा हलगरे

साक्षीदार:
१. लालमहंमद बागवान, शेजारी, मुखेड (सही)
२. डॉ. लुंबिनी सूर्यतळ, मुखेड (सही)

स्थळ: लातूर
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५